झमझमा : लाहोरच्या चौथऱ्यावरची तोफ कुठल्या युद्धाची आठवण सांगते?

लाहोरच्या मॉल रोडवर, पंजाब विद्यापीठाची जुनी इमारत आणि लाहोर संग्रहालय यांच्यामधल्या रहदारीत, एका उंच चौथऱ्यावर चाकांच्या गाड्यावर चढवलेली जुनी तोफ उभी आहे. लांबी १४ फूट साडेचार इंच, तोंडाचा व्यास साडेनऊ इंच. तांबं आणि पितळ यांचं ओतकाम. अंगावर फारसी अक्षरं. तिचं नाव झमझमा. मराठी माणसाला तिची ओळख बहुधा एकाच वाक्यात करून दिली जाते : पानिपतात आपल्यावर डागलेली तोफ.

मीही ते वाक्य ऐकूनच या तोफेच्या मागे लागलो. शोध पुढे गेला तसं लक्षात आलं की या सगळ्या प्रकरणात सर्वांत कच्चं वाक्य तेच आहे. तोफेचं बाकीचं चरित्र मात्र पक्कं आहे, आणि पानिपताइतकंच अस्वस्थ करणारं आहे.

प्रकरण का घेतलं

झमझमा हे रूढ अर्थानं युद्धस्मारक नाही. तिथे शहिदांची यादी नाही, ज्योत नाही, मानवंदना होत नाही. पण युद्धात वापरलेलं हत्यार शहराच्या मुख्य रस्त्यावर चौथरा बांधून उभं केलं की ते स्मारकाचंच काम करायला लागतं. येणारा-जाणारा त्याच्याकडे बघून युद्धाची कल्पना करतो, मुलांना गोष्ट सांगतो. म्हणून तिला स्मारक मानून तपासावं असं मला वाटलं. तिच्यामुळे काय आठवतं, काय विसरायला होतं, आणि जे आठवतं ते खरं किती, हे तीन प्रश्न होते.

तोफ स्वतः काय सांगते

तोफेवरचा लेख हा या प्रकरणातला पहिला साक्षीदार. अहमदशहा अब्दालीचा वजीर शाह वलीखान यानं बादशहाच्या हुकुमानं ही किल्ले घेणारी तोफ करवून घेतली, असं तो सांगतो. ओतणाऱ्या कारागिराचं नाव त्यात आहे : शाह नझीर. आणि शेवटी, फारसी लेखांची नेहमीची पद्धत असते तसं, साल थेट न देता शब्दांत दडवलेलं आहे. ते शब्द म्हणजे ‘पैकर-ए-अझ्दहाई आतिशबार’. आग ओकणाऱ्या अजगराचा देह, असा साधारण अर्थ.

या पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक किंमत असते. बेरीज आपणच करून बघू. पैकर म्हणजे २३२, अझ्दहाई ३८, आतिश ७०१, बार २०३. एकूण ११७४. हिजरी ११७४.

आता पंचांग जुळवायचं. हिजरी ११७४ हे वर्ष ऑगस्ट १७६० च्या मध्याला सुरू झालं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. म्हणजे हातात फार तर पाच महिने. एवढ्या अवधीत लाहोरात धातू गोळा करायचा, साचा करायचा, ओतायची, थंड होऊ द्यायची, नळी साफ करायची, गाड्यावर चढवायची आणि साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक ओढत न्यायची. शिवाय त्या महिन्यांत सैन्यं कुठे होती ते आठवावं. अब्दालीनं पावसाळा गंगा-यमुनेच्या दुआबात अनूपशहराकडे काढला होता. ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा घेतलं. त्याच महिन्याच्या शेवटी अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांच्या दक्षिणेला, दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला. लाहोरहून सरहिंद-कर्नालमार्गे येणाऱ्या जड तोफेच्या वाटेत मराठी फौज होती. दुआबातून वळसा घालून आणणं अशक्य नव्हतं, पण एवढं धूड पावसाळ्यानंतरच्या नद्या उतरवून आणायचं म्हणजे खेळ नव्हे.

तोफ १७५७ साली ओतली असंही पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते साल धरलं तर वाहतुकीची अडचण उरतच नाही. पण मग तोफेच्या स्वतःच्या अंगावरच्या शब्दांची बेरीज बाजूला ठेवावी लागते. मी धातूवरच्या अक्षरांना जास्त वजन देतो. पानिपतात ती होती ही परंपरा जुनी आहे, पंजाबच्या इतिहासकारांनी ती नोंदवली आहे आणि मी ती खोडून काढत नाही. परंतु ‘हीच ती तोफ’ असं ठासून सांगायला हे पाच महिने आड येतात, एवढं मराठी वाचकानं मनात ठेवावं.

पानिपतात खरं काम कोणी केलं

समजा ती होती. तरी निकाल तिनं लावला नाही, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्या दिवशी तोफखान्याच्या जोरावर आधी पुढे सरकले ते मराठे. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी रोहिल्यांची फळी फोडली. मराठ्यांच्या जड तोफांचे गोळे अफगाणांच्या डोक्यावरून मागे पडत होते, असं वर्णन येतं. जड तोफेचा तो नेहमीचाच दोष. एकदा रोखली की अंतर बदललं तरी तिला हलवणं आणि पुन्हा निशाण्यावर आणणं सोपं नसतं. मध्यभागी भाऊसाहेबांच्या घोडदळाचा हल्ला ज्याच्यावर कोसळला तो सरदार होता वजीर शाह वलीखान. झमझमावर ज्याचं नाव आहे, तोच.

काशीराज हा अब्दालीच्या बाजूच्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, पदरी असलेला दक्षिणी ब्राह्मण त्या रणात हजर होता. त्यानं लिहून ठेवलंय की वजीर घोड्यावरून उतरून, चिलखतासकट जमिनीवर उभा राहून, पळणाऱ्या आपल्याच माणसांना विनवत होता : आपला देश लांब आहे, पळून जाणार कुठे? किल्ले घेणारी तोफ करवून घेणारा माणूस त्या दुपारी पायउतार होऊन माती तुडवत उभा होता.

डाव फिरला तो अब्दालीनं राखून ठेवलेल्या ताज्या फौजेनं आणि उंटांवरच्या जंबुरकांनी. काशीराज दोन हजार उंटांचा आकडा देतो, प्रत्येकावर दोन माणसं. जंबुरक म्हणजे उंटाच्या खोगिरावर फिरत्या आसावर बसवलेली छोटी तोफ. आपल्या कागदांत सुतरनाळ म्हणतात ती याच जातीची. उंट बसवायचा, बार काढायचा, उंट उठवायचा, पुढे जायचं. जिथे फळी खचली तिथे धावत जाता येतं, जवळून मारा करता येतो, दमलेल्या घोड्यांच्या गर्दीत गोळा वाया जात नाही. सकाळपासून उपाशीपोटी लढणारं मराठी घोडदळ दुपारी या माऱ्याखाली सापडलं.

नावंसुद्धा बघण्यासारखी आहेत. जंबुर म्हणजे गांधीलमाशी, जंबुरक म्हणजे लहानशी गांधीलमाशी. झमझमा म्हणजे ढगांचा लांबून येणारा गडगडाट, सिंहाची गुरगुर. पानिपतात डसल्या त्या गांधीलमाश्या. चौथरा मिळाला तो गडगडाटाला.

यात लाहोरकरांचा काही खास दोष नाही. जंबुरक चौथऱ्यावर ठेवलं तर कोणी वळून बघणार नाही. स्मारकासाठी हत्यार निवडताना त्याचा आकार बघितला जातो, त्यानं युद्धात काय केलं हे क्वचितच. आपल्याकडची मुलूखमैदान आठवा. १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, आज विजापूरच्या बुरुजावर असलेली. लांबीला ती झमझमाएवढीच, सुमारे सव्वाचौदा फूट. तोंड मात्र सव्वादोन फुटांहून मोठं, आणि वजन ५५ टनांच्या घरात. तिच्यापुढेही माणूस उभा राहतो तो आकार बघून. या दोघी शेजारी ठेवल्या असत्या तर झमझमा सडसडीत वाटली असती.

भांडी

झमझमाचा धातू कुठून आला याबद्दल लाहोरात एक गोष्ट सांगितली जाते, आणि जुन्या इतिहासांतही ती आहे. जिझिया म्हणून शहरातल्या हिंदू घरांकडून तांब्या-पितळेचं एकेक भांडं घेतलं आणि त्यातून तोफ ओतली. लोटे, पराती, घागरी. तोफेच्या अंगावर बादशहाचं, वजिराचं, कारागिराचं नाव आहे. भांडी दिलेल्या घरांचं नाही. ते असणं शक्यही नव्हतं. पण चौथरा बांधून शंभराहून अधिक वर्षं ती जनतेपुढे ठेवलेली आहे म्हटल्यावर ही गोष्ट तिच्याबरोबर सांगितली जायला हवी. मला विचाराल तर या तोफेनं केलेलं पहिलं नुकसान रणांगणावरचं नव्हतं, ते लाहोरच्याच स्वयंपाकघरांतलं होतं.

हातोहात

पानिपतनंतर अब्दाली काबूलला परतताना झमझमा लाहोरातच राहिली, कारण तिला न्यायला गाडा तयार नव्हता. तिच्या जोडीची तशीच दुसरी तोफ नेताना वाटेत चिनाब नदीत गेली. जी नेता आली नाही ती उरली आणि जी नेली ती बुडाली. पुढची चाळीस वर्षं मग ही तोफ एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली.

१७६२ साली हरिसिंग भंगी यानं लाहोरच्या सुभेदाराच्या शस्त्रसाठ्यावर छापा घालून ती नेली. भंगी हे शीख सरदारांच्या एका मिसलीचं, म्हणजे लढाऊ गटाचं, नाव आहे आणि ते भांगेवरून पडलं असं सांगतात. मराठीत त्या शब्दाला जी जातीची कडवट छाया आहे तिचा इथे संबंध नाही. तेव्हापासून लोक तिला ‘भंगियां दी तोप’ म्हणू लागले. दोन वर्षं ती लाहोरच्या किल्ल्यात शाहबुर्जात पडून होती. १७६४ मध्ये चढतसिंग सुकरचकिया, म्हणजे रणजितसिंगांचे आजोबा, लुटीतला आपला वाटा मागायला आले. भंगी सरदारांनी त्यांना तोफ दाखवली. एवढं वजन हा हलवणार कसा, असा त्यांचा हिशेब. चढतसिंगांनी आपल्या शिपायांना हाक घातली, तोफ आधी छावणीत आणि मग गुजरांवाल्याला नेली.

त्यानंतरचा प्रसंग मी वाचला तेव्हा बराच वेळ पुढे सरकलोच नाही. चठ्ठा सरदारांनी ती सुकरचकियांकडून जिंकली. त्यांच्यातले अहमदखान आणि पीर महंमदखान हे सख्खे भाऊ. तोफ कोणाची यावरून दोघांत लढाई जुंपली. त्यात अहमदखानाचे दोन मुलगे मारले गेले आणि पीर महंमदाचा एक. मदतीला बोलावलेल्या गुज्जरसिंग भंगीनं शेवटी तोफ स्वतःकडेच ठेवली. एका घरातले तीन तरुण गेले आणि तोफ तिसऱ्याच्याच दारात गेली.

चठ्ठ्यांनी ती १७७२ मध्ये परत मिळवली, वर्षभरात झंडासिंग भंगीनं हिसकावून अमृतसरला नेली. १८०२ साली अमृतसर रणजितसिंगांच्या हाती आलं आणि तोफही आली. डस्का, कसूर, सुजानपूर, वजिराबाद अशा मोहिमांत त्यांनी ती वापरली. १८१८ च्या मुलतानच्या वेढ्यात तिला एवढी इजा झाली की पुढे ती लढाईच्या कामाची राहिली नाही. मग ती लाहोरच्या दिल्ली दरवाजापाशी आणून ठेवली.

ज्याच्या हाती झमझमा त्याच्या हाती पंजाब, ही समजूत या चाळीस-पन्नास वर्षांत घट्ट झाली. तोफेचा मान तिच्या माऱ्यामुळे राहिला नव्हता, ती कोणाच्या अंगणात आहे यावर ठरत होता. म्हणजे चौथऱ्यावर चढण्याच्या कितीतरी आधीच ती हत्यारापेक्षा निशाणी जास्त झाली होती. इंग्रजांना ती आयती मिळाली.

चौथरा

१८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब खालसा केला. १८७० साली, व्हिक्टोरिया राणीचा मुलगा एडिंबरोचा ड्यूक याच्या लाहोरभेटीच्या निमित्तानं, तोफ मॉलवर संग्रहालयाच्या दाराशी मांडली गेली. आज तिच्यासमोर दिसणारी लाल विटांची संग्रहालयाची इमारत तेव्हा नव्हती. ती १८९४ मधली. संग्रहालय त्या काळी जवळच्याच, प्रदर्शनासाठी बांधलेल्या इमारतीत होतं. तोफ संग्रहालयाची शोभा म्हणून आणली असं समजणं त्यामुळे चुकीचं आहे. राणीच्या मुलापुढे, आम्ही हा मुलूख कोणाकडून घेतला, हे दाखवणारी ती मांडणी होती.

पुढे १९०१ मध्ये रुडयार्ड किपलिंगच्या ‘किम’ कादंबरीच्या पहिल्याच प्रसंगात एक मुलगा या तोफेवर चढून बसला, आणि तिला तिसरं नाव मिळालं : किम्स गन. परदेशी प्रवाशांच्या तोंडी अजूनही हेच नाव जास्त असतं. खऱ्या माणसांनी जिच्यासाठी रक्त सांडलं, ती एका काल्पनिक पोराच्या नावानं ओळखली जाते. कादंबरीबद्दल माझी तक्रार नाही. पण चौथऱ्याशी तीन नावांपैकी कोणतं आधी सांगायचं हा निर्णय असतो, आणि तो विचारपूर्वक घ्यायला हवा.

फाळणीनंतर याच रस्त्यावरचे पुतळे एकामागून एक गेले. लाला लजपतरायांचा पुतळा १९४८ मध्ये सिमल्याला गेला, आज तिथल्या मॉलवर आहे. व्हिक्टोरिया राणी आता संग्रहालयाच्या आत आहे. टिकला तो विद्यापीठासमोरचा आल्फ्रेड वुल्नर यांचा पुतळा. विद्यापीठाचे हे कुलगुरू संस्कृत आणि प्राकृताचे पंडित. महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज भाषा, त्यांच्या अभ्यासाचा विषय. तोफ बघायला लाहोरला जाणाऱ्या मराठी माणसानं दोन पावलं चालून त्यांच्याही समोर उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

तोफ मात्र सगळ्या राजवटींना चालली. अब्दालीची म्हणून चालली, खालशाची म्हणून चालली, साम्राज्याचं विजयचिन्ह म्हणून चालली, पाकिस्तानात वारसा म्हणून चालते. पुतळ्याला चेहरा असतो, त्यामुळे तो एका बाजूचा ठरतो आणि राज्य बदललं की उचलला जातो. तोफेला चेहरा नाही. तिच्या तोंडी कोणीही आपली गोष्ट घालू शकतो.

कोलकात्याचं उलटं उदाहरण

तुलनेसाठी एकच जागा घेतो, तीही मराठ्यांशीच बांधलेली. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पन्न्यार इथे कंपनीच्या फौजेनं ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या सैन्याचा एकाच दिवशी पराभव केला. शिंद्यांचा तोफखाना नावाजलेला, गोलंदाज तोफांशेजारीच मेले पण हटले नाहीत. जिंकलेल्या त्या तोफांचा धातू वितळवून कोलकात्यात प्रिन्सेप घाटाजवळच्या ग्वाल्हेर स्मारकात वापरला. १८४७ चं हे बांधकाम. त्यात कंपनीच्या बाजूनं पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत.

तिथे तोफा गेल्या, पण नावं राहिली, निदान एका बाजूची तरी. लाहोरला तोफ अखंड राहिली आणि नाव एकाही मेलेल्याचं नाही. स्मारक म्हणून कोणतं बरं, असं मला कोणी विचारलं तर मी कोलकात्याकडे झुकेन, जरी तो धातू आपल्याच गोलंदाजांच्या हातचा असला तरी. आणि शिंद्यांच्या बाजूची यादी तिथे नाही याचं दुःख त्यासोबत राहीलच.

पानिपतात काला अंब इथे विटांचा स्तंभ आहे. तिथे मोठी तोफ नाही. दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं जातात ती त्या साध्या स्तंभापाशी उभी राहायला.

काय करता येईल

झमझमा तिथून हलवावी असं मी म्हणणार नाही. ती लाहोरची आहे. धातू लाहोरचा, कारागीर लाहोरात राबलेला, भांडणं पंजाबची. पानिपतचा सूड म्हणून तिच्याकडे बघणारे काही मराठी लेख मी वाचले आहेत. ते ज्या वाक्यावर उभे आहेत ते हिजरी सालाच्या एका बेरजेनं डळमळतं. बदल हवा तो चौथऱ्यावरच्या मजकुरात. राजे आणि सालं यांची जंत्री पुरत नाही. मला तो मजकूर लिहायला सांगितला, तर उर्दू, पंजाबी आणि मराठीत मी एवढं लिहीन :

‘ही तोफ हिजरी ११७४ मध्ये शाह नझीर यानं लाहोरात ओतली. तिचा धातू या शहरातल्या घरांमधून घेतलेल्या भांड्यांचा आहे, असं सांगतात. पानिपतच्या लढाईशी तिचं नाव जोडलं जातं. त्या लढाईचा निकाल हिच्यापेक्षा फार लहान तोफांनी लावला. चढतसिंगांच्या शिपायांनी ती ओढून नेली. दोन भाऊ हिच्यासाठी लढले आणि त्यांचे तीन मुलगे मेले. मुलतानपुढे ती निकामी झाली. १८७० पासून ती इथे आहे.’